अप्पांच्या माशाच्या गोळ्या

थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, हा माणूस मला कधीच आवडला नाही. नांदेडला राहतो आणि जो भेटेल त्याच्या गळ्यात काहीतरी मारतो. मागच्या वर्षी त्याने गोळ्या विकायला घेतल्या.

माझ्या वडिलांना, अप्पांना, दमा. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमचं आडत दुकान. सोयाबीनची चाळणी सुरू झाली की सगळी धूळ त्यांच्या छातीत. डॉक्टरांनी रोज दोन वेळा ओढायला पंप दिलेला. दिवाळीनंतर मला बघायला पाहुणे यायचे होते, आणि दिवाळीच्या तोंडावर दाजी डबी घेऊन उगवला. वरचं लेबल खरवडलेलं.

"अप्पा, ह्यानं आतली सूज उतरती. जडीबुटी हाय. पंपाची सवय लागती, सोडा त्ये."

अप्पांनी मुकाट्याने डबी ठेवून घेतली. पंप ओढला का विचारलं की आतल्या खोलीतून होकाराचं "हाव" यायचं. मी कधी आत जाऊन पाहिलं नाही.

पंधरा दिवसांत भर दुपारी ते दुकानातच कोसळले. ओठ निळे पडलेले. दवाखान्यात मी ती डबी डॉक्टरांसमोर आपटली. त्यांनी एक गोळी फोडून वास घेतला. माशाचं तेल! म्हणाले, "सूज वाढवणारे काही स्निग्ध पदार्थ यानं रक्तात थोडे कमी होतात, हे खरंय. पण म्हणून दम लागायचा थांबेल, याची खात्री नाही. पंप कुणी बंद करायला सांगितला?"

माझं डोकंच फिरलं. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा घोट घेत नाहीत. संध्याकाळी दाजी शहाळं घेऊन आला, तेव्हा मी अप्पांच्या खाटेशीच त्याला धरलं. अप्पांना कळावं आणि त्यांनी याला जन्मात दारात उभं करू नये, एवढंच मला हवं होतं.

"लाज वाटत न्हाई? मासा चारलाव त्यांना!"

अप्पांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"पहिल्याच ढेकराला कळलं मला. रोज लिंग उतरवून देव्हाऱ्यात ठेवायचो, मग गिळायचो."

लिंग उतरवून! आजारपणातही त्यांनी ते कधी अंगावेगळं केलं नव्हतं.

"पन कशापायी, अप्पा?"

"तुला बघाया पाहुनं यायलेत. पंप दिसला तर दम्याचं घर म्हनतील. तुझं जमलं की पुन्हा वढला असता."

दाजी नालायकच आहे, आजही म्हणते. पण अप्पा माझ्यापायी मरायला निघाले होते आणि मला पत्ताच नव्हता. मला त्यांचाही संताप आला, त्यांच्या खाटेशी उभी राहून मी रडले.

मग बाहेर येऊन मी त्या पाहुण्यांना स्वतः फोन लावला. आमच्या घरात दमा आहे, वडील दवाखान्यात आहेत, यायचं तर हे ऐकून या, असं मी म्हणाले. पलीकडची बाई म्हणाली, घरी विचारून सांगते.

विचारा, मी म्हणाले, आणि आत जाऊन अप्पांच्या हातात नवा पंप दिला.