देमाओ वैद्यांची काळी पूड

माझे बाबा माणसाचं तोंड फारसं बघत नसत, फोड बघत. रस्त्यात कुणी भेटलं की नाव आठवायचं नाही, पण "तू तो मानेवरचा ना रे?" असं मोठ्यांदा विचारायचे, आणि तो मानेवरचा खूश होऊन कॉलर खाली ओढून व्रण दाखवायचा. आईला भर बाजारात मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण बायकांनाही ते तसंच विचारत, आणि बायकांचे फोड काही सगळे मानेवर नसतात.

श्योंग देमाओ त्यांचं नाव. गान नदीकाठच्या आमच्या गावात औषधी पाल्याची दुकानं पायलीला पन्नास, पण गळू, करट, काखमांजरी, बाळंतिणीच्या छातीतली गाठ, पाठीवरची पसरट लाल सूज असलं काही झालं की लोक सरळ आमच्याकडे येत. काढा तसा काही गुपित नव्हता. सोनंचांदी म्हणतात त्या वेलीची फुलं, ज्येष्ठमध, हिराबोळ, संत्र्याची जुनी साल, शिकेकाईसारख्या शेंगा येणाऱ्या झाडाचे लांब काटे. अर्धं पाणी आणि अर्धी तांदळाची दारू घालून उकळायचं. समोरचा शेंबडा पोरगाही हे घडाघडा म्हणून दाखवेल. पण काढा उतरवल्यावर त्यात, आणि फुटलेल्या जखमेच्या मलमात, बाबा एक चिमूट काळी पूड टाकत. कुठलीशी वनस्पती जाळून केलेली. ती पूड फक्त आमच्या घरात होती.

ती टाकायची वेळ आली की मागच्या खोलीचं दार लागायचं आणि आम्ही सगळे बाहेर. मी बाहेर, आई बाहेर, माझा धाकटा भाऊ योंगनिंगही बाहेर. आई अंगणात मिरच्या निवडत पुटपुटायची, "माझ्याशी लग्न लावलंय का त्या डब्याशी, एकदा सांगून तरी टाका म्हणावं."

यामागे एक जुनं दुखणं होतं. पणजोबांनी धाकट्या मुलाला म्हणे पूड फार लवकर सांगितली. त्याने दुसऱ्याच वर्षी समोर दुकान थाटलं आणि बापाचीच गिऱ्हाइकं पळवली. त्याला वंश राहिला नाही, दुकान त्याच्याबरोबर गेलं, पण घरात नियम ठरून गेला: पूड सांगायची ती मुलाला, आणि तीही बापाने कायमचं अंथरूण धरल्यावर. आजोबांनी बाबांना तशीच सांगितली होती, शेवटच्या दिवशी, खोलीतून सगळ्यांना घालवून. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. मुलगी उद्या लग्न होऊन जाणार आणि जाताना पूडही घेऊन जाणार. माझं लग्न होऊन मी नदीपलीकडे गेले तेव्हा मला दोन रजया आणि शिलाई मशीन मिळालं. बाबा धक्क्यापर्यंत पोचवायला आले होते, पण होडीवाल्याच्या कानामागे गाठ आली होती, त्यामुळे होडी सुटेपर्यंत ते तीच चाचपत बसले.

राग यायचा मला. अजूनही येतो. पण योंगनिंगची कीव जास्त यायची. मी निदान माझ्या संसाराला लागले होते. तो बिचारा त्याच दुकानात काटे कुटत, सालं कापत म्हातारा व्हायला आला, आणि गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "तुझे वडील कुठायत?" लहानपणी एकदा तो बाबांच्या मागे लपत लपत डोंगरात गेला होता. बाबा दर वर्षी थंडीच्या तोंडाशी एकटेच तिकडे जायचे आणि भरलेली गोणी आणायचे. त्यांनी त्याला वाटेतच पकडला आणि असा झोडपला की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. मोठेपणी विचारलं, तेही घाबरत घाबरत. मी माहेरी आले होते तेव्हाचं आहे. सगळे शेवया खात होतो.

"बाबा, आता तरी सांगून ठेवा."

"का रे, मी मेलोय का?"

"तसं नाही, पण वय..."

"कुणाचं वय? काल डोंगर चढून आलो, तुला जमेल का?" आणि मला म्हणाले, "ल्यान, याला अजून वाढ. पोट रिकामं असलं की असलं सुचतं."

पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडाशी, डोंगरात जायच्या आधीच, खल धुता धुता बाबा कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे सगळी नाही, एवढंच उरलं: "जेवण झालं का?" आमच्याकडे दारात आलेल्या प्रत्येकाला हेच विचारतात. आयुष्यभर हजारदा म्हटलेलं तेवढं जिभेवर राहिलं, बाकीचं पुसलं गेलं. सुरुवातीला भेटायला येणारे खूश व्हायचे. "अरे वा, देमाओ काकांना ओळख आहे की!" मग त्यांच्या लक्षात यायचं, की पाणी हवं असलं तरी तेच, दुखत असलं तरी तेच, शिवी द्यायची असली तरी तेच. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघोट्या.

म्हणजे बाबांनी नियमाप्रमाणे अंथरूण धरलं, सांगायची वेळ आली, आणि सांगायला भाषाच उरली नाही.

योंगनिंगची बायको दक्षिणेत बुटांच्या कारखान्यात होती, आईला वाकवत नव्हतं. म्हणून मी आले. उलटं-पालटं करणं, पुसणं, भरवणं, सगळं केलं. तरी वसंत लागेपर्यंत त्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला, मग काळा पडला, मग फुटला. सगळ्या गावाची गळवं बरी करणारा माणूस, आणि त्याच्याच पाठीला भोक. दवाखान्याचे डॉक्टर घरी आले, मेलेलं मांस कापलं, इंजेक्शनं दिली. चांगला माणूस होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही सगळं नीट करताय. पण हे शरीर आता नवं मांस धरत नाहीये. जखम हाडापर्यंत गेली की मग अवघड आहे."

डब्याच्या तळाशी थोडी पूड होती. दोनचारदा मलम होईल एवढी.

"लाव ती," मी म्हणाले.

"लावली आणि संपली, मग?" योंगनिंग म्हणाला. "ताई, मी ही शहरात नेतो. वैद्यकाच्या कॉलेजात तपासतात. काय आहे ते कळलं की पाहिजे तेवढी करता येईल."

"आणि तोवर यांनी सडायचं?"

"मग मी काय करू? तूच सांग! आज बरे करू आणि पुढच्या महिन्यात मारू?"

आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "लावा रे. त्यांचीच आहे ती."

योंगनिंगने आमचं ऐकलं नाही. मी त्याला दोष देऊ शकत नाही, मीही कदाचित तेच केलं असतं. तो गेला आणि रिकामा डबा घेऊन परत आला. तपासण्यात सगळी पूड संपली होती. तिथल्या माणसाने सांगितलं, वनस्पती आहे आणि ती जाळली आहे, यापुढे काही सांगता येत नाही. आईने डबा हातात घेतला, आत बोट फिरवलं, आणि बोटाला लागलेला काळा डाग बाबांच्या पाठीकडे नेला. मग तिलाच कळलं की हे वेडेपणाचं आहे. तिने बोट शर्टाच्या बाहीला पुसलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग योंगनिंगने डोंगर धरला. बाबा ज्या वाटेने जात ती वाट, आणि त्या वाटेवर जे जे उगवतं ते सगळं. मुळं, सालं, नेच्याची खोडं, शेवाळ, कसल्या कसल्या शेंगा. एका मोठ्या ताटात मांडून तो खाटेपाशी आला.

"बाबा, यातलं कुठलं?"

बाबांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग दाराकडे.

मला आधी कळलंच नाही. माझे हात त्यांच्या जखमेच्या पुवाने भरले होते. योंगनिंगला कळलं. तो खालमानेने म्हणाला, "ताई, जरा बाहेर थांबतेस?"

मी गेले. हात तसेच धरून अंगणात उभी राहिले. माझ्या आधी आई येऊन उभी होती.

आतून योंगनिंग ओरडला, तेव्हा आम्ही दोघी धावलो. बाबांनी डाव्या हाताने एक मूळ उचललं होतं! आईने त्या दिवशी कोंबडी कापली. योंगनिंगने मूळ जाळलं, कुटलं, मलम केलं, आणि मी ते जखमेपाशी नेलं. वास नाकात गेल्याबरोबर बाबांनी तोंड फिरवलं. "जेवण झालं का?" ते कळवळून म्हणाले. "जेवण झालं का? जेवण झालं का?" हे नाही. हे नव्हे. एवढं त्यांचं नाक अजून धड होतं. दुसऱ्या दिवशी ताटातून त्यांनी साल उचलली, तिसऱ्या दिवशी आणखी काही. दर वेळी मला बाहेर घालवायचं, दर वेळी उचलायचं, आणि जाळून आणलं की तोंड फिरवायचं. चुकलेलं त्यांना ओळखता येत होतं. बरोबर काय ते दाखवता येत नव्हतं. एकदा योंगनिंगने ताट भिंतीवर फेकलं. "झालं जेवण, बाबा! झालं! सगळ्यांचं झालं! आता सांगा ना!" मग खाली बसून त्याने एकेक शेंग वेचली.

दुकानात माणसं येतच होती. भाजीवाली फान काकू पाठीवर केवढी तरी सूज घेऊन आली. योंगनिंग तिला म्हणाला, "दवाखान्यात जा काकू, आमच्याकडे नाही." ती म्हणाली, "अरे मेल्या, तुझ्याकडे नाही तर कुणाकडे आहे?"

मग एका दुपारी पाठ धुताना मला खाली पांढरं दिसलं. मी कापूस तिथेच धरून बसले. योंगनिंग डोंगरात होता, आई पलीकडे झोपली होती. बाबा भिंतीकडे तोंड करून कुशीवर होते. उताणं त्यांना आता ठेवताच येत नव्हतं. ताट कोपऱ्यात होतं. मी ते उचललं आणि भिंतीच्या बाजूने त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"बाबा, मला दाखवा. आता वेळ नाही."

त्यांनी ताट बघितलं. मान जेवढी मागे वळते तेवढी दाराकडे वळवली.

"मी नाही जाणार."

मान तशीच. मानेची शीर ताणली होती.

"तुमचं हाड बघितलंय मी आत्ता! अजून काय लपवायचं राहिलंय माझ्यापासून? साठीला आले मी, आता कुठे दुकान टाकणार आहे? तुमचं हगणं-मुतणं मी काढते, तुमचा पू माझ्या नखांत आहे, आणि मी परकी?" मी ओरडत होते. आई कशी उठली नाही कोण जाणे. "सांगा मला! मी सांगते निंगला. लगेच सांगते."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी नाकावरून उशीवर गळायला लागलं. पण मान दाराकडेच. मारला असता तरी तो माणूस हलला नसता. आणि मारणार तरी कुठे, जागाच उरली नव्हती त्यांच्या अंगावर.

मी हरले. "बरं," मी म्हणाले, "निंग आलाय बाहेर. पाठवते." खोटंच. ताट त्यांच्या हातापाशी ठेवलं, त्यांची मान सरळ करून भिंतीकडे केली, म्हणजे आत कोण आहे, कोण नाही ते त्यांना दिसणार नाही, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

मग आतून त्यांचा आवाज आला.

"जेवण झालं का," ते म्हणाले. हळू, गंभीरपणे. त्यात प्रश्न नव्हता. थोडं थांबले, आणि पुन्हा तेच, जरा लांबवून, जसं वाट कुठे वळते ते सांगतात. मग घाईने दोनतीनदा, बहुतेक आच किती ठेवायची ते. मग आवाज इतका खाली आणला की मला दाराला कान लावावा लागला. तीच गोष्ट असणार, जी आजोबांनी त्यांच्या कानात सांगितली होती. त्यांनी काही वगळलं नाही. एका ठिकाणी चुकले, थबकले, आणि मागे जाऊन पुन्हा नीट सांगितलं. "जेवण झालं का. जेवण झालं का." मी शब्द न् शब्द ऐकला.

मग ते थांबले. मी आत गेले तेव्हा त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता इतका सैल पडला होता. संध्याकाळी योंगनिंग नवी गोणी घेऊन आला, ताट मांडून त्यांच्यासमोर धरलं, तर त्यांनी ते हाताने बाजूला सारलं आणि त्याच्या गालावर थोपटलं. त्यानंतर गेले त्या दिवसापर्यंत त्यांनी ताटाकडे बघितलं नाही. त्यांच्या लेखी सांगून झालं होतं.