फाटकापर्यंत तरी चाल

फोन आला तेव्हा मी अमरावतीत छत्री तलावाच्या काठावर होते. सकाळचे साडेसहा झाले होते, पाण्यात टिबुकल्या, ती इवली पाणबदकं, बुड्या मारत होत्या, आणि अकोल्याहून माझा भाचा रोशन सांगत होता, "मामी, आई गेली..." त्याची आई म्हणजे माझी मोठी नणंद, शकुंतला. आम्हा सगळ्यांची आक्का. पहाटे पाचला नेहमीसारख्या फिरायला निघाल्या, परत आल्या, ओट्यावर बसून सुनेला पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी बाकावर बसले. सांगायला विचित्र वाटतं, पण मला आधी रडू आलं नाही. मनात आलं, आक्का, तुम्ही गेलात ते चालून आल्यावर, अंथरुणाला खिळून नाही. तुम्हाला दुसरं कसलं मरण शोभलंच नसतं! या गोष्टीला आता दीड महिना झाला.

आक्का नर्स होत्या. हिवरखेडच्या आजूबाजूच्या खेड्यांत लसींचा डबा खांद्याला लावून त्यांनी तीस वर्षं पायपीट केली. निवृत्त झाल्यावर सहा महिने घरात बसल्या, तर वजन वाढलं, साखर वाढली आणि घरातल्या प्रत्येकाशी भांडण झालं. मग एका सकाळी त्यांनी साडीखाली बूट चढवले आणि कृषी विद्यापीठाच्या शेतांकडच्या रस्त्याला लागल्या. लोक हसले. आक्कांनी त्यांनाही सोबत यायला सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी माझे यजमान, म्हणजे आक्कांचा धाकटा भाऊ विलास, आठ दिवसांच्या आजारानं गेले. मी शाळेची नोकरी सोडली आणि पाच महिने घराबाहेर पडले नाही. किराणा फोनवर यायचा, टीव्ही दिवसभर सुरू असायचा, खिडक्या बंद. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, कधी घ्यायचे, कधी नाही. आपण संपत चाललोय हे कळत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं... हेच सगळ्यात भयंकर होतं. अशात एका दुपारी आक्का न कळवता पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"काहून वो, खिडक्या कोनं बंद केल्या?" असं म्हणत त्यांनी एकेक खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पलंगापाशी येऊन म्हणाल्या, "मंदा, चाल."

"नाही जमणार आक्का."

"मी तुले डोंगर चढाले सांगून राहिली काय? फाटकापर्यंत तरी चाल. आपलंच फाटक हाये."

त्या वीस पावलांत मी दोनदा थांबले. ऊन डोळ्यांना टोचत होतं. आम्ही फाटकाला धरून पाचएक मिनिटं उभ्या राहिलो आणि आत आलो. आक्का इतक्या खुश झाल्या, जणू मी बोर्डात आले! दुसऱ्या दिवशी विजेच्या खांबापर्यंत, तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानापर्यंत. मी विचारलं, आता चालतेच आहे तर गोळ्या सोडू का? त्या एकदम उखडल्या. "गोळी बी घ्याची अन् चालाचं बी. मी नर्स होती, मांत्रिक नाई." अकराव्या दिवशी आम्ही तलावावर पोचलो. त्या दुपारी मला भूक लागली. खरी, पोटातून आलेली भूक! झुणक्यासोबत ज्वारीच्या दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी आक्कांनी न विचारता वाढली, आणि तीही मी खाल्ली.

त्यानंतर त्या दर पंधरा दिवसांनी एसटीनं अमरावतीला यायच्या. मला एकच गोष्ट खुपायची. वाटेत त्या कडुनिंबाच्या पालवीबद्दल बोलायच्या, कुणाच्या अंगणातल्या जास्वंदीबद्दल बोलायच्या, पण विलासचं नाव काढायच्या नाहीत. सख्खा भाऊ गेला आणि या बाईला काहीच कसं वाटत नाही, असं मनात यायचं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही दोघी चिखलदऱ्याला गेलो. सकाळी किल्ल्याकडे पायी निघालो. धुकं एवढं की पुढे चालणाऱ्या आक्का मधेच पुसल्या जायच्या आणि पुन्हा उमटायच्या. मी जवळजवळ पळत होते. एका वळणावर आक्कांनी अचानक माझं मनगट धरलं. समोर, पंधरावीस पावलांवर, रस्त्याच्या मधोमध रानगवा उभा होता. काळा, प्रचंड, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. माझं काळीज कानात वाजत होतं. आक्का ओठ न हलवता कुजबुजल्या, "हालू नको. पळू तं बिलकुल नको." किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यानं आमच्याकडे पाहिलं, कान झटकले आणि तो शांतपणे झाडीत उतरला. आम्ही दोघी मटकन खाली बसलो आणि हसत सुटलो, पोट दुखेपर्यंत! मला जाणवलं की मघाशी मी वर्षभरात पहिल्यांदा घाबरले होते. मला मरायचं नव्हतं!

किल्ल्याच्या तटावर बसलो. धुकं फाटत होतं, खालची दरी हिरवीगार उघडत होती. आक्का एकाएकी विलासचं लहानपणचं नाव घेऊन म्हणाल्या, "इल्या असता तं इथून हालला नसता वो, फोटोच काढत बसला असता..." आणि त्या मोठ्यानं, खेड्यातल्या बाया रडतात तशा रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. डोळे पुसत म्हणाल्या, "मी तुयासाठीच येऊन राहिली, असं वाटे काय तुले? मले बी घरात बसवत नोतं, मंदा. तुयासंगं चाललं का छातीवरचा दगड हलका होये." त्या दिवशी आम्ही विलासबद्दल मनसोक्त बोललो. उतरताना आवाज बसला होता दोघींचाही.

आक्का गेल्यावर अकोल्याच्या घरी भेटायला आलेल्या एक बाई हळहळत म्हणाल्या, "रोज एवढ्या चालायच्या, काय फायदा झाला?" मी म्हटलं, "बाई, फायदा तुमच्यासमोर बसला आहे. नीट बघून घ्या." जरा जोरातच बोलले असेन. पण चालणारा माणूस मरत नाही, असं आक्का कधीच म्हणाल्या नव्हत्या. जिवंत असताना जिवंत राहावं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

पाचव्या दिवशी पहाटे मी बूट घालत होते, तेवढ्यात आक्कांची सून मनीषा दारात आली. आक्कांनी वर्षानुवर्षं विनवूनही ती कधी फिरायला गेली नव्हती. "मामी, मी येऊ?" एवढंच म्हणाली. आम्ही आक्कांच्या रस्त्याला लागलो. वाटेत तीन अनोळखी माणसांनी त्यांची चौकशी केली. सायकलवर वैरणीचा भारा बांधून एक म्हातारेबुवा येत होते, तेही थांबले. "त्या बूटवाल्या बाई दिसून नाई राहिल्या?" मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "मले रोज इचारत, म्हैस किती दूध देऊन राहिली," ते म्हणाले, "घरचं बी कोनी नाई इचारत." मनीषा तोंडाला पदर लावून रडू लागली.

गेल्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला गेले. मनीषा आता रोज जाते. ती पुढे, मी धापा टाकत मागे! उजाडताना समोरून वैरणीचा भारा डुलत येताना दिसला. माझ्या आधीच मनीषानं हात उंचावला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली, "काय म्हनते बुवा, म्हैस किती दूध देऊन राहिली?"

म्हातारेबुवांनी सायकल थांबवली नाही. आमच्या बाजूनं जाता जाता तेही तेवढ्याच जोरात ओरडले, "सा लिटर, पोरी! सा लिटर!"