अम्माचा नकार

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही. तुम्ही अम्माला ओळखत नाही, म्हणून असेल.

अम्मा म्हणजे माझी आई. देगलूरच्या पलीकडं, तेलंगणात शिरलं की लगेच लागतं ते आमचं गाव. मी लग्न करून नांदेडला आले, शाळेत मराठी शिकवू लागले. अम्माला मराठी यायचं ते 'बसा' आणि 'जेवा' एवढंच. ती माझ्याकडं आली की आम्ही दोघीच दिवसभर तेलुगूत बोलायचो. नवरा म्हणायचा, झालं, माय-लेकींचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. ते बंद पडून तीन वर्षं झाली. कोणीतरी नुसतं 'बिड्डा' म्हणावं — लेकरा म्हणावं — असं इतकं वाटतं, की बसस्टँडवर देगलूरच्या गाडीपाशी मी उगीच घुटमळते.

पण सांगायचं होतं ते हे नाही. की मी टाळतेय?

रानात कापलेल्या तुरीचा खुंट तिच्या पायात घुसला. त्यात अंगात शुगर. पाय काळा पडला तेव्हा तिला नांदेडच्या एका दवाखान्यात आणलं. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. नाहीतर जिवाला धोका आहे. पण आजींना नीट समजावून सांगा, आणि त्या काय म्हणतात ते मला सांगा."

तिथं तेलुगू येणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी समजावलं. अम्मानं शांतपणे ऐकून घेतलं. वद्दु, म्हणाली — नको. मग बरंच बोलली. माझ्या पायांनी आले, तशीच जाईन. उरलेत ते दिवस घरी काढू दे. इंटिकि पोदाम, बिड्डा — घरी जाऊ या. रडणं नाही, ओरडणं नाही. आज भाजी नको म्हणून सांगावं, तसं.

"काय म्हणतात?" डॉक्टरनं विचारलं.

"तयार आहे म्हणते," मी म्हणाले.

आणि तिच्याकडं वळून तेलुगूत सांगितलं — नुसती जखम साफ करणार आहेत. तिनं अंगठा पुढं केला. त्याला शाई लावता लावता वॉर्डातली मावशी म्हणाली, "लेक शिकलेली हाय म्हणून बरं हाय बगा आजी. न्हाईतर तुमचं इथं कोण ऐकलं असतं?" मावशी काय म्हणाली, हे अम्मानं विचारलं. मी तेही सांगितलं नाही.

जीव वाचवण्यासाठी केलं, असं म्हटलं की किती बरं दिसतं — नाही का? खरं एवढंच, की ती नसलेलं घर मला नको होतं. तिला काय हवं होतं, ते मला शब्दन्‌ शब्द कळलं होतं.

ती चार वर्षं जगली, माझ्याकडंच, गॅलरीतल्या खुर्चीत. गावी ने म्हणायची. सुट्टी लागली की नेते, म्हणायचे मी. सुट्ट्या लागत होत्या. पण गावात लोक विचारतील, पाय कापायला 'हो' कोण म्हणालं — या भीतीनं मी तिला एकदाही नेलं नाही. तिनं गाव पुन्हा पाहिलंच नाही.

विचारणारा मात्र पहिल्याच महिन्यात घरी आला होता. मामा, तिचा धाकटा भाऊ. पाय पाहून माझ्यावर तडकला, तिला न विचारता कापू कसा दिलास म्हणून. मी तोंड उघडायच्या आत अम्माच बोलली. डॉक्टर भराभर मराठीत बोलत होता, म्हणाली, पोरीला सगळं समजलं नाही. परक्या भाषेपुढं तिचा काय दोष?

मामा माझ्याकडं पाहत होता. अम्माही पाहत होती.

"हो," मी म्हणाले. "मला नाही समजलं."

अम्मानं माझ्यावरची नजर काढली, आणि मामाला जेवून जा म्हणून आग्रह करू लागली.