गुंडप्पाचे गोंडे

"ती केबल गप्प करा!" कॅप्टन ओरडत होते.

वेळ १४१०. जहाजामागं दोनशे मीटर पोलादी केबल, टोकाला सोनार, म्हणजे पाण्यात सोडलेला कान. खाली कुठंतरी आपलीच पाणबुडी तळाला बसलेली. वायरलेस बंद, आत चाळीस माणसं, हवा सहापर्यंत. ती माणसं आतून हातोडा ठोकत असणार, तेवढाच माग. पण वेग घेतला की केबल थरथरायची. अशी घुमायची, की माझ्या चहाला भरती यायची, अन् सोनारला ठोके ऐकू येईनात. शिवाय थरथरती केबल पाण्याला जास्त अडायची, अन् सोनार तळापासून वर उचलला जायचा. हळू जावं, तर शोधायला उद्या उजाडणार.

लीडिंग सीमन गुंडप्पा पुढं झाला. हा शिरूर अनंतपाळचा, मी चाकूरचा. आमचा लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा. कचेरीवर पाटी होती, नळाला पाणी नव्हतं. पहिल्यांदा समुद्र बघून गुंडप्पा म्हणालेला, "एवढं पाणी, अन् टँकर एकबी न्हाई."

"सर, केबलला गोंडे बांधू."

"काय?"

"दुष्काळात विहिरीपाशी वाफाभर ज्वारी हुती, सर. पाखरं भ्यावीत म्हणून बापानं पिकावर प्लास्टिकची पट्टी ताणली. वाऱ्यानं घुमायची. आणखी भ्यावीत म्हणून मी तिला अंबाडीचे गोंडे बांधले. पट्टी मुकी झाली."

"मग?"

"मग काय, भोरड्यांची पंगत बसली."

कॅप्टननी घड्याळ बघितलं. "कॅरी ऑन."

केबल वर ओढली. मनिला दोर उसवून वीतवीतभरावर गोंडे बांधले. दहा हजार मी एकट्यानं. उरलेले बाकीच्या वीस जणांनी.

१६०५. केबल पाण्यात. फुल स्पीड. चहा हलला नाही.

१६४०. इंटरकॉमवर सोनारवाला. "सर, ठोके."

"बेअरिंग?"

"झीरो फोर फाइव्ह." म्हणजे ईशान्येला.

सव्वापाचला आम्ही त्यांच्या डोक्यावर होतो. एस्केप सूट घालून एकेक जण वर आला. चाळिसावा १७५० ला.

पुढच्या पावसाळ्यात अडकलेली केबल सोडवायला गुंडप्पा वाकला, अन् लाटेबरोबर गेला. सापडला नाही.

त्याची पेटी घेऊन मी शिरूरला गेलो. त्याच्या वडलांना सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता.

"अप्पा, त्या गोंड्यांनी चाळीस माणसं वाचली."

म्हाताऱ्यानं पेटीवरचा हात काढला नाही.

"त्यापायीच हाणलं हुतं मी त्याला," म्हणाला.