डॉक्टर निएमी हॉस्पिटल दाखवतात
आमच्या उत्तर मिनेसोटात माणसं स्वतःची तारीफ करायला चोरी केल्यासारखी लाजतात. पण डॉक्टर आर्विड निएमींनी त्यातही कळस गाठला होता. बायकोच्या हातचा केक वाढताना ते सांगायचे, "खालून जरा लागलाय, पण खाऊन अजून कुणी मेलं नाही." त्या बाईंचा केक उभ्या जन्मात एकदाही करपलेला मी पाहिलेला नाही.

नव्या डॉक्टरांना पदवीनंतर तीन वर्षं हाताखाली घेऊन शिकवायचं, हे आमच्या छोट्या हॉस्पिटलातलं काम निएमींकडे होतं. हिवाळ्यात देशभरातून उमेदवार मुलाखतीला येतात. आम्ही त्यांना पारखायचं, त्यांनी आम्हाला. मग दोघांनी आपापला पसंतीक्रम कळवायचा आणि मार्चमध्ये संगणक जोड्या जुळवतो. थोडक्यात, कांदेपोह्यांचाच प्रकार. फक्त आमच्याकडे मुलीचा बापच पाहुण्यांना दारात गाठून सांगायचा, की पोरगी घोरते.

निएमी उमेदवारांना आधी लिफ्टसमोर उभं करत. "ही अडकते. जिना बरा." मग वारा सुटला की शिट्टी वाजवणारी खिडकी. मग गाड्या गोठतात ते आवार. गावाने वर्गणी काढून बांधलेला बाळंतपणाचा नवा कक्ष दाखवायचा राहूनच जाई. "इथं शिकलेले डॉक्टर कसे असतात?" असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "बरे असतात." आसपासच्या तळ्यांकाठच्या साऱ्या वस्त्यांचे दवाखाने त्यांच्याच शिष्यांनी सांभाळलेत, हे त्या बिचाऱ्या उमेदवाराला कळणार कसं?

व्हायचं तेच झालं. मागच्या वर्षी निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या. विश्वस्तांनी बजावलं, की यंदाही भरल्या नाहीत तर शिकवणं बंद. शिकवणं बंद म्हणजे हळूहळू ते दवाखानेही बंद, आणि कळा सुरू झालेल्या बाईने बर्फातून थेट शहर गाठायचं. निएमी त्या दिवसापासून वाळायलाच लागले.

मुलाखतींची सगळी व्यवस्था लोरेन बघते. ती निएमींची शाळेपासूनची मैत्रीण. तिने पदर खोचला, म्हणजे स्वेटरच्या बाह्या सारल्या, आणि त्यांची शिकवणी घेतली.

"आर्विड, म्हण, आमच्याकडचं शिक्षण उत्तम आहे."

"ठीक आहे."

"ठीक नाही, उत्तम!"

"अगं लोरेन, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हाताऱ्याला वाचा फुटली. म्हण बघू."

"वाईट नाही," निएमी कपाळ पुसत म्हणाले. बाहेर सगळं गोठलं होतं आणि या माणसाला घाम!

जोसलिन बॅटिस्ट आली ती दक्षिणेतल्या उबदार लुइझियानाहून, अंगात दोन कोट घालून. मुलाखतीतही तिने त्यातला एकच काढला. निएमींच्या शेजारी मुलाखत घ्यायला मी बसले होते. पोरगी चुणचुणीत होती आणि मला आवडली.

"डॉक्टर, खरं सांगू?" ती म्हणाली. "जिथं जाते तिथं लोक म्हणतात, आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत. आणि मग कॉफीचं मशीन दाखवतात. म्हणून मी आता एकच गोष्ट विचारते. तुमच्या स्वतःच्या मुलीला तुम्ही इथं शिकायला पाठवाल?"

मी छताकडे बघितलं. निएमींची मुलगी ऐलीही याच हिवाळ्यात गावोगाव मुलाखती देत हिंडत होती. आमच्याकडे तिने अर्जसुद्धा केला नव्हता.

"नाही," निएमी म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली.

"म्हणजे मीच तिला म्हटलं, इथं नको. वादळ झालं की रस्ता बंद, विमानही उतरत नाही. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू होतो आणि हाताशी कुणी नसतं. मोठ्या शहरात जा म्हटलं, तिथं एक हाक मारलीस की दहा जण धावतील."

"मग ती काय म्हणाली?"

निएमींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणाली, 'बाबा, मग लोकांच्या मुलींना कसा काय बोलावतोस?'"

जोसलिन पुढे झुकली. तिने हळूच विचारलं, "मग?"

"मग काय? वादळाचा इशारा आला की मी इथंच झोपायला येतो. नव्या डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत. काही लागलं तर भिंतीवर थाप मारायची." आपण बढाई मारली की काय, असं वाटून त्यांनी घाईघाईने जोडलं, "पलंग मोडका आहे."

वादळी रात्री ते हॉस्पिटलात झोपलेले दिसत, तेव्हा इतकी वर्षं आम्ही समजत होतो, की केकवरून बायकोने घराबाहेर काढलं असेल. मला एकदम भरून आलं आणि त्यांचा रागही आला. हे आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला?

ती गेल्यावर लोरेनने त्यांना फैलावर घेतलं. "तोंडावर नाही म्हणालास? मी एवढं घोकून घेतलं ते कशाला?"

"अगं, पण पाठवत नाही ना मी तिला," निएमी म्हणाले. पुढचा महिनाभर त्यांनी जेवण धड केलं नाही.

मार्चमध्ये जोड्या जुळल्या त्या सोमवारी निरोप आला, की सगळ्या जागा भरल्या. शुक्रवारी नावं आली, त्यात जोसलिन होती. ऐलीलाही हवं ते शहर मिळालं होतं. लोरेनने निएमींना मिठी मारली, ते फळकुटासारखे ताठ उभे राहिले. तेवढ्यात फोन वाजला. लोरेनने उचलला, ऐकला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"मी जोसलिनचे वडील बोलतोय," पलीकडून जाड, घाबरलेला आवाज आला. "माफ करा हं, तुम्हाला त्रास देतोय. तिची आई सकाळपासून रडतेय. एवढ्या लांब, त्या बर्फात... पोरगी म्हणते, वादळात तुम्ही स्वतः तिथं असता. खरंय का, डॉक्टर?"

निएमींनी आमच्याकडे बघितलं. लोरेनने ओठ दाबून धरले होते.

"हो," ते म्हणाले. "मी असतो."

आणि पुढे काहीही जोडलं नाही.