मिरी, लवंग आणि न पाहिलेलं फूल

मुलीने पुण्याहून परफ्यूमची बाटली पाठवली. फोनवर म्हणाली, "मिरी आणि कार्नेशनच्या फुलाचा आहे, आई. पहिल्या वासाला घाबरू नकोस."

पहिल्याच फवाऱ्याला मला शिंक आली. नवरा म्हणाला, "मसाल्याच्या डब्यात हात घातलास का?" मी शिकवते त्या शाळेत शेजारी बसणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांना दातांच्या डॉक्टरची आठवण झाली. माझं स्वतःचं काही ठरेना. तिखटपणा ओसरला की खालून एक मऊ वास यायचा, पण तो कशाचा ते कळत नव्हतं.

त्या रविवारी मी जळगावहून दोंडाईच्याला माहेरी गेले. माझे वडील, आबा, उभी हयात तिथल्या मिरचीच्या बाजारात माल पारखायला नोकरीला होते. मिरची मोडून नाकाशी धरायचे आणि ती गच्चीवर वाळवली की शेतात, आत ओल राहिली आहे का, हे सांगायचे. लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच वडलांना हे येत असेल. काम सुटल्यापासून त्यांच्या नाकाला कोणी काही विचारलं नव्हतं.

मी मनगटावर फवारा मारला आणि काही न सांगता हात पुढे केला. नाडी बघावी तसं त्यांनी मनगट धरलं. आधी लांबून वास घेतला, मग जवळून.

"पहिले मिरी शे. काळी."

"आणि?"

"थांब."

आईने चहा आणला. तो त्यांनी बाजूला सारला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "लवंग. पन लवंग नही. लवंगना सारखं कोनतं तरी फूल शे. माले नाव म्हाईत नही."

कार्नेशन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मीही फार तर लग्नातल्या बुकेत पाहिलं असेल, नाव न कळता. मी मुलीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आबा काय म्हणाले ते सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, त्या फुलाचा वास लवंगेसारखाच असतो. दोन्हींत एकच द्रव्य असतं."

आबांना याचं नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कोनता रंगनं ऱ्हास?"

"लाल, गुलाबी, पांढरं. सगळ्या रंगांचं असतं."

"हाई लाल व्हई," म्हणाले, आणि पुन्हा मनगट नाकाशी नेलं.

मग तासभर ते तसेच बसले. मिरी गेली, लवंग खाली बसली, आता सुकं लाकूड आलं, असं मधूनमधून सांगत राहिले. मी नाक लावून बघायचे आणि त्यांनी सांगितल्यावर मलाही ते सापडायचं. इतकी वर्षं ज्याला मी आबांची नोकरी समजत होते, ते खरं तर हे वास उलगडणं होतं.

शेवटी मी विचारलं, "पण आबा, वास चांगला आहे की नाही?"

"आते कसं सांगू? आजून सरना नही."

वास अजून सरायचा होता. दुपारची जळगावची गाडी मी सोडून दिली.