बाबांच्या जागी कुंडी

मी माझ्या वडिलांचं राहतं घर विकायला काढलं होतं आणि ही गोष्ट मला आमच्या फाटकात आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळली.

हे वाचून माझ्याबद्दल तुमचं जे काही मत होईल, ते माझ्या बायकोचं आधीच झालेलं आहे. तेव्हा संकोच करू नका.

मी भिलाईत घरं आणि प्लॉट विकून देतो. (माझ्या कार्डावर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असं छापलेलं आहे. बाबा मात्र माझ्यासमोरच लोकांना सांगतात, ‘पोरगा दलाल हाय.’) बाबांनी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या मिलमध्ये काढली. सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा निवृत्तीच्या पैशातून त्यांनी कोहका भागात घर बांधलं. पायाच्या पहिल्या टोपलीपासून फाटकाच्या शेवटच्या रंगापर्यंत ते स्वतः उन्हात उभे होते. त्या घराच्या व्हरांड्यात एक लोखंडी खुर्ची आहे. सकाळी सातपासून बनियनवर तिच्यात बसून पेपर वाचणं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठी जाऊन राहिला?’ असं विचारणं, हा त्यांचा दिनक्रम.

आता माझ्या धंद्याचा एक नियम सांगतो, कारण सगळं पाप तिथून सुरू झालं. घराचा पत्ता कोणालाही सांगायचा नाही! पावर हाउस चौकात चहा पिता पिता धंद्यातल्या एका मित्राला मी एका घराचा नुसता रंग सांगितला होता. संध्याकाळी तो त्या घरमालकाकडे बसून भजी खात होता. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला स्कूटरवर मागे बसवतो आणि त्याला रस्ता लक्षात राहू नये म्हणून एकाच पाण्याच्या टाकीला दोनदा वळसा घालतो. (एकदा मीच चुकलो. गिऱ्हाईक म्हणालं, ‘भैया, टंकी से बाएँ था शायद.’)

असा माणूस वेबसाइट कशाला बनवतो, हा प्रश्न रास्त आहे. पण माझी एक वेबसाइट होती. मेव्हण्याने फुकट बनवून दिलेली. तिच्यात एक घर आपल्याभोवती गरगर फिरायचं आणि खालून लाल अक्षरं पळायची. एक दिवस बायको म्हणजे संध्या म्हणाली, “ते घर चक्रीसारखं फिरून राहिलं. लोकायले घेरी येते. कोणी शिकलेल्या माणसाकडून करून घ्या ना!”

“तुझ्याच भावानं केली हाय.”

“म्हणूनच सांगून राहिली.”

म्हणून मी एका कंपनीला काम दिलं. तिथून ऋचा नावाची मुलगी आणि तिचा जोडीदार लॅपटॉप घेऊन माझ्या ऑफिसात आले. दोघंही नीट बोलणारे, वेळेवर येणारे, चहाला नको म्हणणारे. मला तिथेच संशय आला. भिलाईत चहाला नको कोण म्हणतो?

“सर, बस कंटेंट भेज दीजिए,” ऋचा म्हणाली. “हर घर के फोटो, पूरा पता, और नक्शे पर लोकेशन.”

“पूरा पता?”

“जी सर.”

“नक्शे पर?”

“जी सर. ग्राहक को भरोसा होता है.”

ग्राहकाला भरोसा होत असेल, माझी तर झोप उडाली. आयुष्यभर टाकीला घातलेले वळसे हिला एका फाइलमध्ये हवे होते! उद्या हिचा एखादा काका माझ्याच धंद्यात असला तर? मी संध्याला म्हणालो, “हे लोक डिझाइनवाले नाहीत. हे माझे घरमालक फोडणार.”

“तुमाले दूधवाल्यावरही शक होता. त्याच्या मागं स्कूटर घेऊन डेअरीपर्यंत गेले होते तुमी.”

“अन् पाणी सापडलं होतं ना?”

“त्याच्या घरचा नळ सापडला होता!”

मी सापळा लावायचं ठरवलं. बाकी सगळ्या घरांचे फोटो पाठवले, पण पत्ते दिले नाहीत. फक्त एका घराची माहिती पूर्ण दिली. अचूक पत्ता, नकाशावरची जागा, सगळं. ते घर आमचंच होतं! माझा हिशेब असा: हे घर मी कोणाला दाखवतच नाही. तेव्हा वेबसाइट चालू व्हायच्या आधीच या पत्त्यावर कोणी गिऱ्हाईक आलं, तर बातमी ऋचाकडूनच फुटली असणार. चोर रंगेहाथ माझ्याच फाटकात! आणि आमिष चांगलं हवं म्हणून किंमत बाजारभावाच्या निम्मी टाकली. वर लिहिलं, ‘मालकाला घाई आहे. ताबा लगेच.’

फोटो मी सकाळी रस्त्यापलीकडून काढला. बाबा खुर्चीत बसले होते. “काय करून राहिला?” त्यांनी ओरडून विचारलं.

“काई नाई बाबा, फाटकाचा फोटो.”

“चांगला घे. मी रंगवलं हाय.”

(हे वाक्य मला अजून अधूनमधून ऐकू येतं. जेवताना जास्त.)

त्यानंतर ऋचाचे मेसेज यायला लागले. दिवसाला पाच-सहा. प्रत्येकात एक लिंक किंवा फाइल. आता बँक आपल्याला काय शिकवते? अनोळखी लिंक उघडू नका! मी एकही उघडली नाही. वरचा लांबलचक मजकूरही वाचला नाही. वाचताना बोट चुकून लिंकवर पडलं तर? पण तिला संशय येऊ नये म्हणून प्रत्येक मेसेजला ‘ओके’ लिहून अंगठा पाठवत राहिलो. मला वाटलं, मी तिला खेळवतोय.

एका रविवारी सकाळी आमच्या फाटकापाशी मोटारसायकल थांबली. नवरा-बायको उतरले. नवऱ्याने घराकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा घराकडे पाहिलं आणि म्हणाला, “हेच हाय.”

सापडले! मी धावत बाहेर गेलो.

“कोण तुमी?”

“मी मेश्राम. भिलाई-3 हून आलो, रेल्वेत हाओ. घर पाहाले आलो.”

“पत्ता कोणं दिला? खरं सांगा! त्या पोरीनं?”

“कोणती पोरगी?” मेश्रामबाईंनी नवऱ्याकडे वळून विचारलं. आता तिथे दुसराच संशय सुरू झाला.

“अवो, कोणी पोरगी नाई!” मेश्राम घाबरून म्हणाले. “तुमच्याच वेबसाइटवर हाय. पाहा ना.”

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. माझी नवी वेबसाइट. पाहताक्षणी मला कबूल करावं लागलं, की काम सुरेख होतं. काही फिरत नव्हतं, काही पळत नव्हतं. बाकीच्या घरांखाली लिहिलं होतं, ‘पता जल्द ही’. आणि सगळ्यात वर, पडदाभर, आमचं घर! माहिती पूर्ण असलेलं ते एकच होतं ना.

मी वाचत असताना मेश्रामबाई सरळ आत गेल्या. स्वयंपाकघरातून आवाज आला, “हा ओटा तोडून तिकडं करू. इथं हवाच येत नाई.”

“आमचा ओटा कावून तोडता वो बाई?” संध्याचा आवाज.

“आमी घर घेऊन राहिलो ना.”

“कोणाचं?”

“हेच!”

त्यानंतर ओट्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला. आणि मग माझ्या मागून एक हात आला आणि मेश्रामांच्या हातातून तो मोबाइल घेतला. बाबा होते. चष्मा वर सरकवून त्यांनी सावकाश वाचलं.

“ताबा लगेच,” ते म्हणाले. “अन् मी कुठी जाऊ?”

“बाबा, ते खोटं हाय. तो सापळा होता.”

“निम्म्या भावात? सागाचे दरवाजे हायेत!”

“म्हणूनच तर, आमिष...”

पण बाबा ऐकत नव्हते. ते फोटो मोठा करून बघत होते.

“घर आपलंच,” ते म्हणाले. “फाटक आपलंच. खुर्चीची जागाही तीच.” मग त्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. “मी कुठी हाओ?”

व्हरांड्यात बाबा नव्हते. खुर्चीही नव्हती. तिथे एक कुंडी होती. हिरवीगार, तुकतुकीत पानांची, कोणत्यातरी विदेशी झाडाची.

बाबांनी मेश्रामांना मोबाइल परत दिला, “माफ करा, चहा घेऊन जा” म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. मेश्राम चहा न घेताच निघाले. बाबा रागावले असते तर मी सहन केलं असतं. पण ते घराच्या कागदांची पत्र्याची पेटी घेऊन पलंगावर बसले आणि मी दारातून डोकावलो तसा त्यांनी तिच्यावर हात ठेवला. माझ्यापासून! मी दूधवाल्यावर संशय घेतला, मित्रांवर घेतला, ऋचावर घेतला. कोणी माझ्यावर घेतल्यावर कसं वाटतं, ते मला पन्नाशीत कळलं.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. पण खुर्ची रिकामी. रस्त्यावरून जाणाऱ्यांना ‘कुठी जाऊन राहिला’ विचारणारं कोणी नव्हतं, आणि लोक थांबून मलाच विचारत होते, “काका कहाँ गए? घर बेच दिया क्या?”

मी ऋचाला घरी बोलावलं. बाबांच्या समोर खरं काय ते ठरू दे! चूक तिची आहे, निदान कुंडीची तरी तिचीच आहे, अशी मला आशा होती. बाबा पेटी मांडीवर घेऊन बसले. संध्या दाराला टेकून उभी होती. ऋचाने या वेळी चहा घेतला.

“मॅडम,” मी कडक आवाजात म्हणालो, “बिना पूछे मेरे पिताजी को कैसे हटाया?”

“पूछा था, सर.” तिने मोबाइल पुढे केला. बाबांनी तो माझ्याआधी घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले.

“‘सर, फोटो में जो बुजुर्ग बैठे हैं, उन्हें हटा दें?’” बाबांनी माझ्याकडे बघितलं. “खाली तुझं उत्तर हाय. ‘ओके.’ अन् अंगठा.”

“बाबा, मी वाचलंच नव्हतं!”

“पुढं कुंडीचं हाय. ‘उनकी जगह गमला ठीक रहेगा?’ ओके. अंगठा.”

“ओ बाप्पा!” संध्या म्हणाली.

“‘यह घर सबसे ऊपर रखें?’ ओके. ‘आज साइट चालू कर दें?’ ओके, अंगठा, अन् हात जोडलेले.”

हात जोडल्याचं मला आठवतही नव्हतं. आता मात्र खरे जोडले. सगळं सांगितलं. सापळा, आमिष, न उघडलेल्या लिंका, ऋचाचा नसलेला काका. ऋचा कपात बघत होती. बिचारीला आत्ताच कळत होतं, की महिनाभर ती चोर होती.

बाबांनी पेटीवर बोटं वाजवली आणि म्हणाले, “म्हणजे तुले माझं घर विकायचं नव्हतं.”

“नाई बाबा.”

“तू फक्त गाढव हायेस.”

“हो बाबा.”

“मग ठीक हाय,” म्हणून त्यांनी पेटी खाली ठेवली. इतकं सुटल्यासारखं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं. मग त्यांनी ऋचाला विचारलं, “बेटी, मेरे को वापस बिठा सकते क्या?”

त्याच दुपारी बाबा वेबसाइटवर परत आले. फोटो तोच, फक्त खाली त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलं, ‘यह घर बिकाऊ नहीं है.’ बाकीच्या घरांचे पत्ते मी छातीवर दगड ठेवून देऊन टाकले. कोणी मालक फोडला नाही. मेश्रामांना मी जवळच दुसरं घर मिळवून दिलं, ओटा खिडकीजवळ असलेलं. बाबांनी ऋचाचा नंबर घेतला. ती आता आली की दोन कप चहा पिते आणि दोघं व्हरांड्यात लॅपटॉप उघडून काहीतरी हसत बसतात.

मीही बदललो. त्या मुलीवर आता माझा इतका विश्वास आहे, की तिचे मेसेज वाचायची मला गरजच वाटत नाही. आला की लगेच ओके.

परवा एक गिऱ्हाईक ऑफिसात आलं आणि मला न्याहाळत म्हणालं, “आप ही मालिक हैं? वेबसाइट पर तो कुछ और देखा था.” मी ‘आमच्याबद्दल’ हे पान पहिल्यांदा उघडलं. माझं नाव होतं, हुद्दा होता. टाय लावलेला माझा फोटो जिथे हवा होता, तिथे कुंडी होती.

मी रागाने ऋचाचे मेसेज उघडले. ‘सर, अंकल कह रहे हैं कि आपकी जगह गमला ज़्यादा भरोसेमंद लगेगा. लगा दें?’

खाली माझं उत्तर होतं. अंगठ्यासकट.